सात रुपये हाली

२०२३ च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. सकाळी सकाळी दारात एक जुना विद्यार्थी उभा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, घड्यांवर फाटलेला पिवळा कागद. "बाई, तुम्हाला उर्दू येतं म्हणे?"

त्या दिवसांत मराठवाड्यात असे कागद घेऊन फिरणारे लोक गल्लोगल्ली दिसत होते. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती, निजामाच्या काळातल्या दप्तरात 'कुणबी' अशी नोंद सापडते का याचा शोध सुरू होता, आणि दप्तर सगळं उर्दू नाहीतर मोडी! वाचणार कोण? ज्या घरांनी पन्नास-साठ वर्षं ट्रंकेच्या तळाशी असल्या कागदांवर डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या होत्या, त्यांना अचानक कळलं की आपलंच आपल्याला वाचता येत नाही.

मी त्याचा कागद वाचून दिला. मौजा, सर्व्हे नंबर, काबिजाचं नाव, बापाचं नाव, कौम. कौमेच्या रकान्यात काय होतं ते इथं लिहीत नाही, ते त्याचं त्याला सांगितलं. जाताना तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर आम्हाला मराठी शिकवायच्या. हे कुठं शिकलात?"

त्याला म्हटलं, मोठी गोष्ट आहे, पुन्हा ये. तो काही आला नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं माहेर लातूरकडचं, औशाजवळचं एक खेडं. आजोबा गावचे पटवारी. (मुंबई इलाख्यात ज्याला कुलकर्णी म्हणत त्याला हैदराबाद राज्यात पटवारी म्हणायचे.) आजोबांचं सगळं लिखाण मोडीत. बोरूनं, हात न उचलता, ओळीच्या ओळी. वडिलांचं, म्हणजे आमच्या आण्णांचं, उर्दूत. माझं बाळबोधीत. आणि माझ्या नातीचं, ती अमेरिकेत वाढतेय, इंग्रजीत. म्हणजे बापाचं लिहिलेलं मुलाला वाचता येत नाही अशी आमच्या घराची रीतच पडून गेलीय म्हणा ना! नातीचे आईबाप तिला दर रविवारी मराठी शाळेत नेतात, ती 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत घोकते आणि सोमवारी विसरते. सगळे तिच्यावर हसतात. मी हसत नाही. मीही कुणाची तरी तशीच मुलगी आहे.

आता तरुण वाचकांसाठी थोडा इतिहास सांगायला हवा. (मास्तरकीची सवय, जात नाही.)

आजचा मराठवाडा म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले पाच मराठी जिल्हे. तेव्हाचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबादेत होता, तो वेगळा झाला १९८२ साली. संस्थानात निम्मे लोक तेलुगू बोलणारे, साधारण चौथाई मराठी, उरलेल्यांत कानडी आणि उर्दू. उर्दू ही घरची भाषा असणारे दहात एखाद-दुसरा. पण १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन कारभाराची भाषा झाली ती उर्दू. कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, पोलीस उर्दू, आणि पुढं शाळाही उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेही संपूर्ण उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत पदवीपर्यंत शिकवणारं विद्यापीठ, ही एका अर्थानं केवढी मोठी गोष्ट! आपल्याकडे अजून इंजिनिअरिंग मराठीत शिकवता येईल का यावर परिसंवाद होतात. तिथं त्या काळी दारुत्तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातं उघडून गणित, रसायन, कायदा, इतिहास सगळं उर्दूत आणलं होतं. फक्त ती भाषा दहातल्या नऊ पोरांच्या आईची नव्हती. सगळी मेख तिथं होती.

खालच्या वर्गांत मराठी चालायचं. पुढं 'वस्तानिया' म्हणजे मिडल आणि 'फौकानिया' म्हणजे हायस्कूल, इथं उर्दूशिवाय गत्यंतर नाही. घरी आजी हरिविजय वाचतेय, ओटीवर आजोबा मोडीत जमाबंदी लिहितायत आणि पोरगं मोठमोठ्यानं घोकतंय, जमा, तफरीक, जरब, तकसीम. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. किती पोरं यात मागं पडली, शाळा सोडून गुरांमागं गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मुलींचं तर विचारूच नका. माझी आई चौथीसुद्धा शिकली नाही. शाळा लांब हे एक कारण होतंच, पण शिकून उर्दू कागद कुणाला वाचून दाखवायचे होते तिनं?

याला उत्तर म्हणून लोकांनी खाजगी शाळा काढल्या. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिकवत होते, ते पुढं आख्ख्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. शाळामास्तर लढ्याचा नेता होतो हे आमच्याकडे सहज घडलं, कारण मराठीतून शाळा चालवणं हाच मुळात लढा होता. साधी सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' आडवं यायचं, आधी परवानगी काढा! १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहातली आणि औरंगाबादच्या कॉलेजातली मुलं वंदे मातरम् म्हणतात म्हणून काढून टाकली गेली. त्यांतली बरीच नागपूर विद्यापीठात जाऊन शिकली. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यातलेच एक.

आमचे आण्णा या कुठल्याच शाळेत नव्हते. ते सरकारी शाळेतच शिकले. जन्म १९२० चा. लातूरला मिडल केलं आणि मॅट्रिकला नांदेडला आले. मॅट्रिक होऊन कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून लागले. आजोबांना धन्य वाटलं. शेरवानी शिवली, रुमी टोपी घेतली. लग्नातला फोटो आहे, आई नऊवारीत आणि आण्णा शेरवानीत. नातीनं तो फोटो पाहून विचारलं, "आजी, तुझे बाबा मुस्लिम होते का?" मी म्हटलं, नाही गं, कारकून होते.

आण्णा पाढे उर्दूत म्हणायचे आणि रामरक्षा संस्कृतात. शिव्या मात्र शुद्ध लातुरी मराठीत! मी नववीत असताना भूमितीचं प्रमेय अडलं म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी आकृती बघितली, चेहरा उजळला. "हां, मुसल्लस!" मग जाविया, मग दायरा. त्यांना सगळं येत होतं आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी त्रिकोण, कोन, वर्तुळ म्हणत होते. थोडा वेळ आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग ते म्हणाले, "मास्तरांना विचार." त्यानंतर मी त्यांना गणित कधी विचारलं नाही. आज मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्यांनी आम्हा भावंडांना उर्दू शिकवलं नाही. एक अक्षर नाही. का नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. पण अंदाज येतो. १९४८ नंतर उर्दू ही रझाकारांची भाषा ठरली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. आमच्या भागानं त्या काळात जे भोगलं ते आता पुस्तकांत आहे. अर्जापूरला गोविंदराव पानसरेंचा खून झाला १९४६ साली. बिदरकडं गोरट्याचं हत्याकांड झालं १९४८ च्या मे महिन्यात. गावंच्या गावं रिकामी होऊन लोक सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, उमरखेड, पुसदकडे गेली. ज्या माणसानं हे पाहिलं त्याला ती लिपीसुद्धा नकोशी वाटली तर नवल नाही. पण खरं सांगायचं तर भाषेनं कुणाला मारलं नव्हतं. 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान, त्यांना १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत रझाकारांनीच मारलं, कारण ते उर्दूतच लिहीत होते की संस्थानानं भारतात सामील व्हावं.

आणि आमच्याच निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी! जन्म १९१०. निजामाच्या नोकरीत वरच्या हुद्द्यावर चढले, फारसी-उर्दूचे पंडित, मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं मराठीत आणली, गालिब-इक्बाल मराठी वाचकांना समजावून दिले, वर आदिलाबादेत असताना गोंडी आणि कोलामीही शिकले. आत्मचरित्राचं नाव 'जीवनसेतू'. असा माणूस दुसऱ्या कुठल्या भूमीत झाला असता? आमच्या शाळांमधून मी निजामाचा जुलूम शिकवला, शिकवायलाच हवा, पण पगडींचं नाव घ्यायचं मलाही वीस वर्षं सुचलं नाही.

असो. गाडी वहीकडं वळवते.

आण्णा १९८९ साली गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक गावच्या घरात माळवदाखालच्या खोलीत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातलीच. आमचं गाव केंद्रापासून थोडं लांब, माणसं वाचली, पण त्या खोलीची भिंत पडली. धाकट्या भावानं आठ दिवसांनी ढिगाऱ्यातून ट्रंक काढली. चेपली होती, उघडेना. लोहाराकडून झाकण कापून घेतलं. आत शेरवानी, रुमी टोपी, चारमिनारची छाप असलेली दोन-चार निजामी नाणी आणि लाल कापडी बांधणीची लांब वही. सगळी उर्दूत. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही घेऊन जा." शिकलेली! बी.ए. मराठी, आणि बापाच्या वहीतलं तारखेसुद्धा एक अक्षर लागेना.

वही नांदेडला आणून कपाटात ठेवली. नोकरी, मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण यात पंधरा-सोळा वर्षं गेली. २००९ ला निवृत्त झाले तेव्हा पहिलं काम ठरवलं, हे शिकायचं.

शिकवायला कोण? दहावीच्या परीक्षेच्या कामात ओळख झालेल्या एक बाई होत्या, उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका. माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेल्या. मी त्यांना आपा म्हणते, त्या मला बाई म्हणतात. बत्तीस वर्षं एकाच शहरात शिकवलं आम्ही, पण एकमेकींच्या शाळेच्या फाटकातून आत कधी गेलो नव्हतो. ही पण एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे बरं का. निजामाच्या काळात हिंदू आणि मुसलमान पोरं एका बाकावर बसून उर्दू शिकली. अन्याय होता, पण बाक एक होता. नंतर मातृभाषेतून शिक्षण आलं, फार चांगलं झालं, माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीला बी.ए. होता आलं ते त्यामुळंच. पण मराठी शाळा एकीकडं आणि उर्दू शाळा दुसरीकडं झाल्या. आज माझ्या विद्यार्थ्याला आपांच्या विद्यार्थ्याचं नाव ठाऊक नसतं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, मला त्यांचा मेळ घालता येत नाही.

आपांची शिकवण्याची भाषा दखनी. "बाई, ये काफ है. गाफ नक्को बोलो. गाफ पे दो डंडे." हे 'नक्को' म्हणजे आपलंच 'नको'. आणि त्यांचं 'मैं वहीच्च बोली' मधलं 'च' हे आपलंच ठासून सांगायचं 'च'. उलट आपण रुमालाला 'दस्ती' म्हणतो, 'हौ' म्हणतो, मेलेल्या खातेदाराची 'फौती' लावतो, गावाला खुर्द नि बुद्रुक म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांना आमची मराठी ऐकून हसू येतं. येऊ दे.

अक्षरं तीन महिन्यांत आली. छापील वाचता यायला वर्ष लागलं. पण वहीतली लिपी छापील नव्हती, शिकस्ता होती, धावती, तुटकी, नुक्ते गाळलेली. ते आपाच वाचू जाणे. मंगळवार-शनिवार दुपारी आम्ही वही घेऊन बसायला लागलो.

बहुतेक पानांवर हिशेब. ज्वारी, गूळ, घासलेट, बांगड्या, सत्यनारायण, आजोबांचं औषध. तारखा फसलीतल्या. आजूर, दै, बहमन, इस्फंदार... आजूर ऑक्टोबरात सुरू व्हायचा. फसली सालात ५९० मिळवले की आपलं साल येतं, आजूर ते बहमन असेल तर. पुढच्या महिन्यांना ५९१. हे गणित घालता घालता माझी दमछाक व्हायची आणि आपा हसायच्या. मधूनच हिशेबाखाली एखाददुसरी ओळ. मुलगा झाला. बैल मेला. पाऊस नाही. आण्णा बोलत कमी, तसेच लिहीतही कमी.

तीर १३५७, म्हणजे १९४८ च्या मे महिन्यातली, एक ओळ होती. 'मौलवीसाहेबांनी सांगितलं, बायकामुलांना घेऊन बार्शीला जा, उशीर नको.'

मौलवीसाहेब म्हणजे कोण ते मला माहीत होतं. लातूरच्या शाळेत आण्णांना उर्दू-फारसी शिकवणारे. आई सांगायची ना! लातूरच्या छोट्या गाडीनं आम्ही बार्शीला निघालो, कडेवर तुझा मोठा भाऊ, स्टेशनात रझाकार फिरत होते, तेव्हा तुझ्या आण्णांचे एक म्हातारे मास्तर टोपी-शेरवानी घालून डब्यापर्यंत सोबत आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभे राहिले. कुणी आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. आईनं ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल. पण पुढं त्या मास्तरांचं काय झालं, हे विचारलं की ती भाजी निवडायला लागायची.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला. आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, मीही पस्तीस वर्षं केलं. त्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं ते झेंडावंदनाच्या भाषणात येत नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं सरकारनं प्रसिद्ध केला नाही. त्यात सर्वांत वाईट हाल झालेले जे चार जिल्हे आहेत त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार. आणि लातूरबद्दल लिहिलंय की तिथं वीस दिवसांहून अधिक कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती, त्यांतले तीन हजारच कसेबसे उरलेले दिसले. हजाराहून जास्त मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. काही हिंदूंनी शेजाऱ्यांना वाचवलं तेही अहवालात आहे. रझाकारांनी जे केलं ते कुणी विसरू नये, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली ते सगळे रझाकार नव्हते.

आमची मंडळी बार्शीहून परतली ती ऑक्टोबरात. आजूर १३५८. त्या पानावर हिशेब नाही. तीनच ओळी. आपा वाचत होत्या आणि मधेच थांबल्या. चष्मा काढला, पुसला. मग म्हणाल्या, "बाई, आगे पढूं क्या?"

मी म्हटलं, पढो.

'लातूर. मौलवीसाहेबांचं घर पाहिलं. दार नाही, काही नाही. चौकात लोक उभे होते, त्यांनी विचारलं, ओळख होती का? म्हटलं, नाही.'

मी वही माझ्याकडे ओढून घेतली. मला स्वतः वाचायचं होतं. नून, हे, ये, नून गुन्ना. नहीं. नुक्ता गाळलेला होता तरी लागत होतं. तीन वर्षं शिकून मी आण्णांच्या हातचा पहिला आख्खा शब्द जो आपला आपण वाचला तो हा.

आपा काही बोलल्या नाहीत. उठून चहा ठेवायला गेल्या. आतूनच म्हणाल्या, त्यांच्या आब्बांना उदगीरकडं एका पाटलानं तीन दिवस कडब्याच्या गंजीत लपवून ठेवलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला तोपर्यंत कधी सांगितली नव्हती. आणि ती तेव्हाच का सांगितली, माझं समाधान करायला की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

पुढच्या दोन-तीन बैठकी आम्ही वही उघडलीच नाही. नुसता चहा.

मग आपाच म्हणाल्या, पुढं बघू तरी. पुढं पुन्हा हिशेब. ज्वारी, गूळ. आणि मग फसली १३५९, म्हणजे १९५० च्या सुरुवातीला, एक नवी ओळ. 'हैदराबाद. सात रुपये हाली.' पुढच्या महिन्यात तीच. त्याच्या पुढच्या महिन्यात तीच. नावापुढं 'मौ. सा.' एवढी दोन अक्षरं. त्यांचा पत्ता आण्णांना कसा लागला हे वहीत नाही. मौलवीसाहेब जिवंत होते, हैदराबादेत मुलीकडे पोचले होते, एवढंच यावरून कळतं.

मला एकदम आठवलं. लहानपणी, पगार झाला की आण्णा मला बोटाला धरून पोस्टात न्यायचे. "कुणाला पाठवता?" "जुनं देणं आहे." आईलाही ते तेवढंच ठाऊक. ती कुरकुर करायची, एवढं कसलं कर्ज काढलं होतं तुमच्या वडलांनी, कधी फिटायचंच नाही! आण्णा ऐकून घ्यायचे.

१९५३ मध्ये आकडा बदलला. सात होते ते सहा झाले. 'सहा रुपये.' मला वाईट वाटलं. मी आपांना म्हटलं, बघा, एक रुपया कमी केला, आमची संख्या वाढली ना घरात, मी झाले, धाकटा झाला. दोन दिवस हेच मनात. तिसऱ्या दिवशी रात्री झोपेत असल्यासारखं आठवलं. हाली! निजामाचा रुपया वेगळा, हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. भाव सात हालीला सहा कलदार. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं बाजारात हे तोंडी करायची. १९५३ पासून हाली मागं पडत गेला, १९५९ नंतर तो चालेनासाच झाला. सात रुपये हाली म्हणजे बरोबर सहा रुपये. एक पैचाही फरक नाही. त्यांनी काही कमी केलं नव्हतं.

मी रात्री साडेअकराला आपांना फोन केला. त्या घाबरल्या, एवढ्या रात्री काय झालं म्हणून. ऐकून म्हणाल्या, "आपके आब्बा हिसाब के पक्के थे, बाई."

ती ओळ पुढं दर महिन्याला आहे. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, कचेरीतलं कामकाज बदललं, आण्णांना छत्तिसाव्या वर्षी मराठीत टिपणी लिहायला शिकावं लागलं. वहीतही अधूनमधून वेडीवाकडी बाळबोध अक्षरं डोकावतात, 'गुळ' ऱ्हस्व, 'बैल' ला एकच मात्रा. १९६० ला महाराष्ट्र झाला. मोठ्या भावाची फी, माझी पाटी-पुस्तकं, बाहत्तरच्या दुष्काळाआधीचे छोटे छोटे दुष्काळ. ओळ चुकत नाही. १९६४ च्या पावसाळ्यातली शेवटची. 'मनीऑर्डर परत. घेणार फौत.' त्याखाली त्या महिन्याचे सहा रुपये त्यांनी जमेच्या बाजूला धरलेत. जमा, तफरीक. हिशेब म्हणजे हिशेब.

'नाही' म्हणालेल्या माणसाला या चौदा वर्षांनी काही सूट मिळते का, मला माहीत नाही. मी त्या चौकात नव्हते. हो म्हटलं असतं तर कदाचित मी जन्मलेच नसते. भाऊ म्हणतो, हे सगळं लिहून घराण्याची अब्रू कशाला घालवतेस. मोठ्या वहिनी म्हणतात, सहा रुपयांची गोष्ट लिहा, ती तीन ओळींची नका लिहू. मला तसं जमेना. एकीवाचून दुसरी काय कळणार?

नातीला मात्र सगळं सांगितलं, व्हिडिओ कॉलवर. तिनं वही कॅमेऱ्यापुढं धरायला लावली. मग म्हणाली, "यात कुठे लिहिलंय नाही?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनं ते कागदावर काढून बघितलं, उजवीकडून डावीकडे. बरं आलं होतं.

वही सध्या माझ्याकडंच आहे. पाने सुटायला लागलीत, स्कॅन करायचं काम भाच्यानं अंगावर घेतलंय. नातेवाइकांपैकी कुणाच्या घरी असे उर्दू कागद पडले असतील तर रद्दीत घालू नका, नांदेडला पाठवा किंवा घेऊन या. मंगळवार आणि शनिवार, दुपारी चारनंतर. आपांचे डोळे आता अधू झालेत, त्यामुळे फार वेळ बसवत नाही, पण येताहेत. मोडी आम्हा दोघींनाही येत नाही. आजोबांच्या दप्तराचं दुसरं कुणीतरी बघावं लागेल.